पेनड्राइव्हवरून होम सर्व्हर (घरीच सर्व्हर म्हणून वापरायचा कॉम्प्युटर) बूट म्हणजे सुरू होत नाही, ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येतं. काय करू?

आधी सांगा, आयएसओ फाइल (ऑपरेटिंग सिस्टिम टाकण्यासाठीची एकसंध फाइल) पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट केलीत का? तसं चालत नाही. रूफस किंवा बलेना एचर यांसारखं सॉफ्टवेअर वापरून ती लिहावी लागते.

तसं केलं असेल, तर बहुतेक घोळ पेनड्राइव्हच्या विभाजनाच्या (पार्टिशनच्या) पद्धतीत असतो. जुना मदरबोर्ड लेगसी बायॉसवर (कॉम्प्युटर चालू करताच आधी चालणारं, जुन्या पद्धतीचं सॉफ्टवेअर) चालत असेल तर रूफसमध्ये ‘एमबीआर’ निवडा, त्याची नवी पद्धत म्हणजे यूईएफआय असेल तर ‘जीपीटी’. सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सेटिंग) तात्पुरतं बंद करून बघा. पेनड्राइव्ह मागच्या काळ्या यूएसबी २.० पोर्टमध्ये लावा. जुन्या बोर्डांना निळा (यूएसबी ३.०) पोर्ट कधीकधी सुरुवातीला दिसतच नाही.

एक गोष्ट मात्र कुणी लवकर सांगत नाही. २०१९ च्या पुरात सांगलीतल्या आमच्या घरी डेस्कटॉप घाईघाईने माळ्यावर टाकला होता. दोन वर्षांनी त्याचा सर्व्हर करायला घेतला. बूट क्रम (आधी कुठल्या डिव्हाइसवरून सुरू व्हायचं ते) बदलून सेव्ह करायचो, पण लाइट गेली की सगळं पहिल्यासारखं. बायॉसमधली तारीख बघितली तर ती कितीतरी वर्षं मागची! बोर्डावरची सीएमओएस बॅटरी (लाइट नसतानाही बायॉसची सेटिंग आणि घड्याळ जपणारी) संपली होती. सीआर२०३२ नावाचा तीन व्होल्टचा गोल सेल, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. पॉवरची वायर काढून, नखाने क्लिप दाबली की जुना सेल उडून वर येतो. नवा बसवताना प्लसची बाजू वर ठेवा.

तुमच्या बायॉसमध्ये तारीख काय दिसते ते कळवा, आणि बोर्डाचं मॉडेलही.