एक्झोरा पिवळा, क्रोटन बोडका: इंदूरच्या मातीपाण्यात अडतं कुठे

ताई, चिपळूणहून इंदूरला बदली झाली, सोबत आणलेली एक्झोराची फुलझुडपं वर्षभरात पिवळी पडली, रंगीत पानांच्या क्रोटनने जानेवारीत निम्मी पानं गाळली, आणि शेजारच्या सल्ल्याने युरिया, अंड्याची टरफलं, चुलीची राख असं सगळं घालून झालं. तुमच्या प्रश्नाचा गाभा हाच ना? ही दोन वेगळी दुखणी आहेत. एक्झोराचं जास्त गंभीर, म्हणून आधी ते.

टरफलं आणि राख आजपासून बंद. कोकणातली जांभ्याची माती आम्ल असते, तिथे थोडा चुना गेला तरी खपून जातो. माळव्याच्या, म्हणजे इंदूरकडच्या, काळ्या मातीत चुनखडी मुळातच असते, तिचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, ७ च्या खाली आम्ल) सहज ८ च्या पुढे जातो. एक्झोराला हवा ५ ते ६. इथल्या मातीत लोह नसतं असं नाही, भरपूर असतं. पण चुन्यामुळे ते अशा रूपात अडकतं की मुळांना उचलता येत नाही. त्यात तुम्ही आणखी चुना घालताय.

तुमच्या फोटोत कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसतात. ही लोहाच्या कमतरतेची खूण. नत्र कमी पडलं असतं तर आधी खालची, जुनी पानं पिवळी पडली असती. मॅग्नेशियमचंही तसंच, त्यामुळे कुणी एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियमचं मीठ) सुचवलं तर नम्रपणे मान डोलवा आणि घालू नका.

खात्री करायची असेल तर कुंडीतली चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाका. फसफसली की चुना आहेच. पाण्याची परीक्षा तुमच्या गीझरमध्ये आधीच झालेली असेल: रॉडवर पांढरा थर धरत असेल, तर तोच थर मुळांपाशीही साचतोय. बोअरचं पाणी एक्झोराला देऊच नका. नर्मदेचं नळाचं पाणी त्या मानाने बरं, पण खरं औषध पावसाचं. गच्चीवरचं पाणी पिंपात धरा, झाकण घट्ट लावा (डेंग्यूचे डास!), आणि ते फक्त या झाडांसाठी राखून ठेवा.

तातडीचा इलाज म्हणजे हिराकस. इंदुरातल्या छावणी भागात खाद-बियाण्यांच्या दुकानांत फेरस सल्फेट म्हणून मागा. खडे फिक्या हिरव्या रंगाचे हवेत, तांबूस-पिवळे झाले असतील तर घेऊ नका, ते वाया गेलेले असतात. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून, गाळून, ऊन उतरल्यावर पानांवर दोन्ही बाजूंनी फवारा. दर १०-१५ दिवसांनी, दोन-तीनदा. मातीत ओतून उपयोग नाही, चुनखडीच्या मातीत ते लगेच बाद होतं. मातीतूनच द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधून ठेवलेलं) घ्या. महाग आहे, पण स्वस्तातलं ईडीटीए इतक्या चुन्यात टिकत नाही. आणि फवारताना खाली बघा, फरशीवर तांबडे डाग पडले की घरातली शांतता जाते.

फवारणीने वेळ निभावते, दुखणं मुळातून जात नाही. त्यासाठी माती बदला. जमिनीत खड्डा खणून भुसभुशीत मिश्रण भरलं की काम झालं, असं वाटतं. पण भोवतीची काळी माती पावसात फुगून पाणी अडवते, खड्ड्याची टाकी होते आणि मुळं कुजतात. शिवाय चुना आजूबाजूने येतच राहतो. म्हणून माझं मत स्पष्ट: इंदुरात एक्झोरा कुंडीतच. १२-१४ इंची कुंडी, धुतलेलं कोकोपीट, पानांचं कुजलेलं खत, जाड वाळू, थोडी लाल माती. काळी माती मूठभरही नको.

आता क्रोटन. हे मूळचं इंडोनेशियाच्या मोलुक्का बेटांकडचं झाड, त्याला थंडी ठाऊक नाही. पारा १० अंशांच्या आसपास रेंगाळला की ते पानं टाकतं, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की रात्री ५-६ अंशांपर्यंतही जातो. कोकणात तुम्हाला हे कधी दिसलं नसणार. बोडक्या फांदीची साल नखाने खरवडून बघा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. पण म्हणून लगेच छाटायला, खत घालायला धावू नका. पाणी कमी करा, कुंडी दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला सरकवा आणि वाट पाहा. रंगपंचमीची गेर (इंदूरची रंगांची मिरवणूक) निघाली की रात्री उबदार झालेल्या असतात, तेव्हा छाटणी, कुंडी बदलणं, खत, सगळं उरका. छाटताना हातमोजे घाला, चीक अंगाला लागला तर खाज सुटते. एप्रिल-मेच्या दुपारी हिरवी जाळी हवी, पण कायम सावलीत ठेवलंत तर रंग जाऊन नुसती हिरवी पानं उरतील. कोरड्या हवेत पानांखाली बारीक जाळी दिसली तर ती कोळी नावाची बारीक कीड. पाण्याच्या जोरदार धारेने दोन-चार दिवसांआड धुवा, बहुतेकदा तेवढं पुरतं.

कुंपणासाठी काय लावू, असंही विचारलंय. कुंती आणि तगर, डोळे मिटून. काळ्या मातीतही चालतात, फक्त वाफा फूटभर उंच करा. कण्हेर त्याहून चिवट, पण ती विषारी आहे आणि तुमच्याकडे लहान मूल आहे, म्हणून नको.

व्हिनेगरची चाचणी करून कळवा. माती फसफसली नाही, तर मुळं बघावी लागतील, मग कुंडीतून काढलेल्या मुळांच्या गड्ड्याचा फोटो टाका.