वाचकांचे प्रश्न : 'जेंटलमन जिम' बघताना पाय बघा

प्रश्न : महालात मुलांना बॉक्सिंग शिकवतो. त्यांना 'जेंटलमन जिम' दाखवायचा आहे. त्यात खरं किती, आणि मुलांनी त्यातून काय उचलावं? (एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर : राऊल वॉल्श यांच्या या १९४२च्या चित्रपटात एरॉल फ्लिन बॉक्सर जेम्स कॉर्बेट झालाय आणि वॉर्ड बाँड तेव्हाचा जगज्जेता जॉन सलिव्हन. सांगाडा खरा आहे. कॉर्बेट सॅन फ्रान्सिस्कोत बँकेत कारकून होता आणि ७ सप्टेंबर १८९२ला न्यू ऑर्लिन्समध्ये त्याने सलिव्हनला २१व्या राऊंडला पाडलं. (कॉर्बेटचा गावातला क्लब 'ऑलिंपिक' आणि ही लढत झाली तो क्लबही 'ऑलिंपिक'च. क्लब दोन आहेत, मुलं गोंधळतात.) नायिका मात्र काल्पनिक, कॉर्बेटचं लग्न १८८६लाच झालं होतं. सलिव्हन शेवटी जगज्जेतेपदाचा पट्टा आणून देतो, तो प्रसंगही रचलेला. खटकतं ते वेगळंच : २१ मे १८९१ला कॉर्बेट कृष्णवर्णीय पीटर जॅक्सनशी ६१ राऊंड लढला, निकाल लागला नाही. ही लढत चित्रपटात नाहीच. सलिव्हन तर कृष्णवर्णीयांशी लढायलाच नकार द्यायचा. हे मुलांना सांगाच.

नियमही आधी समजवा. सलिव्हन १८८९ला जेक किलरेन या बॉक्सरशी उघड्या मुठींनी ७५ राऊंड लढला, पण तेव्हा एक जण पडला की राऊंड संपायचा आणि धरून आपटणं चालायचं. न्यू ऑर्लिन्सला ग्लोव्हज, ३ मिनिटांचा राऊंड, १ मिनिट विश्रांती आणि कुस्तीला बंदी. धिप्पाड सलिव्हनचं अर्धं हत्यार तिथेच गेलं.

आता उचलायचं ते पायांचं काम. सलिव्हन अंगावर धावला की कॉर्बेट सरळ मागे जात नाही. एक पाऊल मागे, लगेच बाजूला, आणि सोबत डाव्या हाताचा जॅब, म्हणजे झटकन मारलेला सरळ ठोसा. सरावासाठी खडूने रेघ आखा. डावा पाय पुढे, उजवी टाच किंचित उचललेली, पायांत खांद्याएवढं अंतर. डावीकडे जाताना आधी डावा पाय, उजवीकडे जाताना आधी उजवा. मुलं हमखास पाय जवळ आणतात किंवा ओलांडतात. त्या क्षणी हलका धक्का द्या, तोल जातो, समजावून सांगायची गरजच उरत नाही. २ मिनिटांचे ४ राऊंड पुरेत. उन्हाळ्यात सकाळी ७च्या आत उरका. फरशीवर घाम सांडला की पाय सरकतो, म्हणून मातीचं मैदान किंवा मॅट बरी.

कॉर्बेटसारखं हात खाली सोडून लढणं मात्र मुलांना अजिबात करू देऊ नका. अंतराचा अंदाज पक्का असलेल्यालाच ते परवडतं. शिकाऊ पोराचं नाक फुटतं.

प्रश्न : खऱ्या कॉर्बेटचं चित्रीकरण आहे का? (एक वाचिका, धंतोली)

उत्तर : आहे. १८९४ला एडिसनच्या स्टुडिओत तो पीटर कोर्टनीशी कॅमेऱ्यासमोर लढला. १७ मार्च १८९७ला कार्सन सिटीत बॉब फिट्झसिमन्स या बॉक्सरने त्याला १४व्या राऊंडला पोटात ठोसा मारून हरवलं, तीही लढत चित्रित झाली. आज तिचे तुकडेच उरलेत.