देवराईचे जुने नियम : दाव्याआधी लिहून काढा

पाटण तालुक्यातल्या दादांनी विचारलंय की देवराई आणि वरचं रान आजवर गावकीने राखलं, आता पोरं सामूहिक वनहक्काचा, म्हणजे रान वापरायचा आणि राखायचा हक्क सगळ्या गावाच्या नावावर मागायचा, दावा करायचा म्हणतायत, तर जुनी रीत मोडायची का?

मोडू नका. दावा उभा राहणार तो त्या रीतीवरच. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे, २०१२ ला सुधारलेले. त्यातला नियम १३ नीट वाचा. चराईची जुनी राने, कंदमुळं-फळं गोळा करायच्या जागा, गुराढोरांचं पाणी, वैदूंची औषधी झाडं, देवाचे वृक्ष, देवराया, स्मशानं, सगळं पुराव्यात धरलंय. वाघजाईच्या रानातली वाळली काटकीसुद्धा कौल घेतल्याशिवाय उचलायची नाही, ही रीत म्हाताऱ्यांनी सांगितली आणि तुम्ही ती लिहून घेतली, तर तो तुमचा पुरावा झाला. जबाब दावेदारांखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लागतो, म्हणून शेजारगावच्या जाणत्यांना गाठा.

त्याआधी सातबारा काढा. देवराईची जमीन वनखात्याच्या नावावर, देवस्थानची, गायरान की खासगी मालकीची, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. मालकीच्या जमिनीला हा कायदा लागत नाही. तिथे ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही (गावातली झाडं, जीव आणि त्यांची लोकांकडची माहिती लिहायची वही) हाच मार्ग.

आपल्याकडे आदिवासी वस्ती कमी, त्यामुळे बहुतेक गावं 'इतर पारंपरिक वननिवासी' या सदरात येतात. १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे वास्तव्य आणि जंगलावर अवलंबून असणं दाखवावं लागतं. वास्तव्य, जमिनीचा कब्जा नव्हे. हा घोळ तालुक्याच्या कचेरीतही होतो, तेव्हा केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाच्या जुलै २०१२ च्या मार्गदर्शक सूचना जवळ ठेवा.

आता जे कुणी सहसा बोलत नाही ते. गावकीची रीत चांगली म्हणून ती सगळ्यांची होती असं समजू नका. कौल लावणार गुरव, मान पाटलाचा, आणि रानाची खरी माहिती मात्र मोळी आणणाऱ्या बायकांकडे आणि म्हशी घेऊन सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, राहणाऱ्या गवळी धनगरांकडे. कारवीचं झुडूप सात-आठ वर्षांनी एकदा फुलतं आणि मरतं. कुठल्या उतारावरची कधी फुलली, घराच्या कुडाच्या भिंतीसाठी कुठली तोडायची आणि कुठली राखायची, हे विचारायला बायकांबरोबर रानात जा. पारावर बसून काढलेल्या नकाशात उन्हाळ्यात टिकणारा झरा सापडत नाही, तो त्या दाखवतात. धनगरवाड्याला या कामात बाहेर ठेवलंत तर चराईचा हक्क लिहिणार कुणाच्या सांगण्यावरून?

कायदाही तेच सांगतो. वनहक्क समिती दहा ते पंधरा जणांची, त्यात किमान एक तृतीयांश स्त्रिया. ग्रामसभेला निम्मी उपस्थिती हवी आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. निम्मा गाव मुंबईला असताना ही अट पुरी करणं सोपं नाही, म्हणून सभा जत्रेला जोडून ठेवा.

हक्क मिळाल्यावर नियम ४(१)(ई) प्रमाणे ग्रामसभेची राखणीची समिती होते, आणि व्यवस्थापनाचा आराखडाही ग्रामसभाच ठरवते. गवत कधी कापायचं, कुणाची गुरं कुठे चरणार, दंड किती, हे जुने नियम त्यात जसेच्या तसे घाला, पण बदलायचा अधिकार गुरवाकडे किंवा पाटलाकडे न ठेवता सभेकडे ठेवा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला, त्याच्या कितीतरी वर्षं आधी ते गाव एकत्र बसून निर्णय करत होतं. ती सवय तुमच्याकडेही थोडी आहेच, तेवढी मोडू देऊ नका.

शेवटचं, देवराई दोन गावांच्या शिवेवर असेल तर परस्पर नकाशा देऊ नका. दावे एकमेकांवर आले तर दोन्ही समित्यांना एकत्र बसावं लागतं, आणि तिथेही जमलं नाही तर प्रकरण उपविभागीय समितीकडे जातं. जत्रेला तो गाव येतोच, तेव्हाच बोलून घ्या.