वाचकांचे प्रश्न : गेममधल्या पात्राचे पाय का घसरतात?

प्रश्न : दोन वर्षं यूट्यूब बघून ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकलो. दिवसा घरचं किराणा दुकान, रात्री ॲनिमेशन. माझ्या पात्राची चाल ब्लेंडरमध्ये छान दिसते, पण गोडॉट या गेम इंजिनमध्ये (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकली की ओल्या फरशीवर चालल्यासारखे पाय घसरतात. शिवाय दर फेरीला बारीकसा झटका बसतो. काय चुकतंय? – एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : या दोन वेगळ्या चुका आहेत, आणि दोन्ही हिशेबाच्या आहेत. तुमच्या हातात काही खोट नाही.

आधी झटका बघू. ब्लेंडर मुळात सेकंदाला 24 फ्रेमवर, म्हणजे 24 चित्रांवर, असतं. गेमसाठी ते 30 करून घ्या. एका सेकंदाची चाल असेल तर पहिली आणि 31वी पोझ हुबेहूब सारखी हवी. ब्लेंडरमध्ये बघताना आपण शेवट 30वर ठेवतो, नाहीतर एकच पोझ दोनदा दिसते. पण एक्सपोर्ट करताना ‘लिमिट टू प्लेबॅक रेंज’ हा पर्याय चालू असेल तर 31वी फ्रेम कापली जाते. मग इंजिन 30व्या पोझवरून थेट पहिलीवर उडी मारतं, तोच तुमचा झटका. एक्सपोर्टच्या वेळी शेवट 31 करा आणि गोडॉटच्या इम्पोर्टमध्ये त्या क्लिपचा लूप मोड (ती पुन्हा पुन्हा चालवणारा) चालू आहे ना, तेही बघा.

आता घसरण. पात्र जागच्या जागी चालतंय आणि कोड त्याला पुढे नेतोय, असं धरून चालू. पहिल्या फ्रेमला टाच कमरेच्या 35 सेंटीमीटर पुढे टेकली आणि 16व्या फ्रेमला तोच पाय 35 सेंटीमीटर मागे गेला, म्हणजे अर्ध्या सेकंदात 70 सेंटीमीटर. या चालीचा वेग झाला सेकंदाला 1.4 मीटर. कोडमध्ये तुम्ही 3 लिहिलं असेल तर दर सेकंदाला 1.6 मीटर पाय घसरणारच. कोडमध्ये 1.4 घाला. पात्र जोरात जायला हवं असेल तर चालीची क्लिप दुप्पट वेगाने पळवू नका, ती लगबग वाटते. धावण्याची क्लिप वेगळीच करा. 20 फ्रेमच्या फेरीत दोन पावलांत मिळून 2.4 मीटर अंतर पडलं की वेग 3.6 होतो.

एवढं करूनही थोडं घसरत असेल तर ब्लेंडरमधला ग्राफ एडिटर उघडा, तिथे हालचाल रेषांच्या रूपात दिसते. पाय जमिनीवर असताना तो मागे जाण्याची रेषा सरळ हवी. ब्लेंडर आपणहून बेझियर, म्हणजे गोलसर, वळण देतं, त्यामुळे पाय दोन्ही टोकांना मंदावतो आणि मधे पळतो, जमीन मात्र एकाच वेगाने सरकत असते. टाच टेकल्यापासून पाऊल सुटेपर्यंतच्या कीज (तुम्ही नेमून दिलेल्या पोझ) लिनियर, म्हणजे सरळ रेषेच्या, करा. शिकवणीच्या व्हिडिओंमध्ये ही गोष्ट फारशी येत नाही, कारण तिथे चाल बहुतेकदा इंजिनमध्ये लावून दाखवत नाहीत.

प्रश्न : माझं पात्र धान्याचं पोतं उचलतं, पण पोत्यात कापूस भरल्यासारखं वाटतं. वजन कसं दाखवू? – एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : सकाळी कळमन्याच्या बाजारात जा आणि हमालदादांना विचारून, बाजूने, मोबाइल कमरेच्या उंचीवर स्थिर धरून सेकंदाला 30 फ्रेमवर चित्रीकरण करा. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. हातांनी पोत्याची टोकं पकडली, खांदे ताणले, पाठ घट्ट झाली, आणि पोतं अजून जागचं हललेलंच नाही. वजन दिसतं ते त्या थांबण्यात. तुमच्या क्लिपमध्ये तिथे 6 ते 8 फ्रेम द्या. पाठीवर घेतल्यावर धड पुढे झुकतं, गुडघे पूर्ण सरळ होत नाहीत, पावलं आखूड पडतात आणि दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा वेळ वाढतो. पाऊल टेकल्यावर आधी कंबर खचते, पोतं 2-3 फ्रेम उशिरा.

नागपुरात मे महिन्यात आणखी एक फसगत होते. लॅपटॉप तापला की आपला वेग कमी करतो आणि ‘प्ले एव्हरी फ्रेम’वर (एकही फ्रेम न गाळता) तुमची क्लिप खऱ्यापेक्षा हळू चालते. तुम्ही ती हळू वाटते म्हणून फ्रेम कमी करता, आणि गेममध्ये पात्र घाईघाईत पोतं उचलतं. टाइमलाइनच्या प्लेबॅकमध्ये ‘फ्रेम ड्रॉपिंग’ निवडा. चित्र अडखळेल, पण वेळ खरी दिसेल.

प्रश्न : कोर्स केलेला नाही. शोरील (काम मागताना दाखवायचा आपल्या कामाचा छोटा व्हिडिओ) कशी करू? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : एका मिनिटाच्या आत. एकच पात्र, पण इंजिनमध्ये, कीबोर्डवर चालवून दाखवलेलं: उभं राहणं, चालणं, धावणं, उडी, वार, मार खाणं. चालताना मधेच वळवा, धावताना थांबवा. दोन क्लिपमधले सांधे बघणाऱ्याला तिथेच दिसतात. वाराच्या आधीची तयारी 3-4 फ्रेमांतच उरका, नाहीतर बटण दाबूनही पात्र ऐकत नाही असं वाटतं. तयारीची पोझ मात्र ठसठशीत हवी, आणि सावरायला 10-12 फ्रेम घ्या. मिक्सामो या वेबसाइटवरच्या तयार क्लिप घालू नका. रिग (पात्र हलवायचा आतला सांगाडा) दुसऱ्याचा असेल तर कोपऱ्यात तसं लिहा. सगळ्यात चांगला तुकडा पहिल्या 5 सेकंदांत ठेवा, आणि जो तुकडा घालावा की नाही असं वाटतंय, तो काढा.