दोन मास्टर सिलिंडर, एक पेडल

प्रश्न (होटगी रोड): रॅलीसाठी बांधत असलेल्या जिप्सीचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) काढून सहा सुताचे दोन मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइलला दाब देणारे) आणि बॅलन्स बार (पेडलचा जोर पुढच्या-मागच्या सिलिंडरांत वाटणारा दांडा) बसवला. लायनीतली एअर नीट काढली, तरी पेडल दगडासारखं आणि गाडी थांबत नाही.

एअरवर संशय घेऊ नका, हिशेब चुकलाय. मूळच्या टँडम सिलिंडरमध्ये (एकाच नळीत दोन पिस्टन) पुशरॉडचा, म्हणजे पेडलवरून पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याचा, सगळा जोर दोन्ही सर्किटना मिळतो. बॅलन्स बारवर तोच जोर दोघांत वाटला जातो, आणि वर बूस्टरही गेला. पायाचा जोर ४० किलो आणि पेडलचं गुणोत्तर ५.५ धरा. बारवर २२० किलो, एकेका सिलिंडरला ११०. सहा सुताच्या (१९ मिमी) पिस्टनचं क्षेत्रफळ २.८५ चौरस सेंमी, म्हणजे दाब जेमतेम ३९ किलो प्रति चौ. सेंमी. पाच सुताचे (१५.९ मिमी) घातले तर तो ५५ पर्यंत जातो. बदल्यात पेडल जवळपास ४४ टक्के जास्त खाली जाईल, म्हणून आधी मागचे ब्रेक शू ड्रमलगत आणून घ्या.

गुणोत्तरही मोजा: पेडलच्या पिनपासून पायाच्या पट्टीपर्यंतचं अंतर भागिले पिनपासून पुशरॉडपर्यंतचं. बूस्टरच्या पेडलला ते साधारण ४ असतं, बूस्टरशिवाय ५ ते ६ लागतं. एकाला पेडल जोरात दाबायला सांगून फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बघा. पत्रा वाकत असेल तर सिलिंडर कुठलेही घाला, पेडल मऊच लागेल. मागून जाड प्लेट द्या.

प्रश्न (अक्कलकोट रोड): दहा मिनिटं चालवली की ब्रेक पकडून राहतात. थंड झाल्यावर आपोआप सुटतात.

पुशरॉड लांब झालाय. पिस्टन पूर्ण मागे येत नाही, त्यामुळे टाकीकडे जाणारं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. तापलेलं ऑइल फुगतं, परतायला वाट नसते, ते पॅड दाबतं आणि आणखी तापतं. सोलापूरच्या मे महिन्यात हे लवकरच होणार. पेडल सोडल्यावर दोन्ही पुशरॉडना अर्धा ते एक मिमी ढिलाई ठेवून लॉकनट आवळा. मग टाक्यांची झाकणं काढून पेडल अगदी हळू दाबा. सुरुवातीलाच दोन्ही टाक्यांत ऑइल हललेलं दिसलं पाहिजे. (रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग उतरेल.)

बारच्या दोन्ही क्लेव्हिसना (बारला पुशरॉड जोडणारे यू आकाराचे जोड) मिळून बाजूला ५ ते ६ मिमी मोकळीक हवी, नाहीतर बार तिरका होताच अडकतो. पुढच्या डिस्कच्या लायनीत चुकून ड्रमचा १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (पेडल सोडल्यावरही लायनीत थोडा दाब राखणारा) बसला नाही ना, तेही बघा.

प्रश्न (जुळे सोलापूर): मुरुमाच्या मैदानात बार सेट केला. डांबरी रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरते.

मुरुमावर पकड कमी, वेग हळू उतरतो, वजन पुढे फारसं येत नाही; म्हणून तिथे मागचा ब्रेक जास्त चालतो. डांबरावर मागची चाकं हलकी होतात आणि तोच सेट घात करतो. कोरड्या डांबरी, बंद आवारात ३० ते ४० च्या वेगापासून सुरुवात करा. पुढची चाकं किंचित आधी जाम होतील असं ठेवून बार फिरवायच्या नॉबवर खूण करा. मुरुमासाठी तिथून किती फेरे मागे लागतात ते लिहून ठेवा. बारच्या मधलं बेअरिंग ज्या सिलिंडरकडे सरकतं, त्याला जास्त जोर मिळतो. बार टोकाला नेऊनही जमत नसेल तर सिलिंडरचं माप बदला. मागच्या लायनीत कंपनीचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी ठेवणारा) राहिला असेल तर काढा. दोघं एकमेकांशी भांडतात.

एअर काढताना पुढचं एक आणि मागचं एक निपल (चाकाजवळचा एअर सोडायचा स्क्रू) एकाच वेळी उघडा. एकच उघडलंत तर बार कलून टेकतो, स्ट्रोक अर्धाच होतो आणि एअर आतच राहते.

प्रश्न (विजापूर रोड): रोजच्या, एबीएस असलेल्या गाडीत बसवावं का?

नको. मागचा दाब किती द्यायचा हे तिथे ईबीडी (एबीएसमधली ब्रेकचा जोर वाटणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) ठरवतं, बार त्यात ढवळाढवळ करेल. शिवाय बूस्टर नसलेलं पेडल घरातल्या दुसऱ्या कुणाच्या पायाला दबेलच असं नाही.