खांदा पाठ करण्याआधी चाचपून बघा

शरीररचना शिकताना पहिल्या वर्षाला खांद्याची चित्रं घोकत बसू नका. गळ्याखालच्या खळग्यात बोट ठेवा, किंचित बाजूला सरका आणि खांदा वर-खाली करा. कॉलरबोनचं आतलं टोक बोटाखाली हलेल. हात धडाला हाडाच्या सांध्याने जोडलाय तो फक्त इथे. बाकी सगळं स्नायूंनी पेललेलं. हे बोटाला कळलं की खांद्याचं पातं एवढं मोकळं का सरकतं, ते कुणी सांगावं लागत नाही.

हात बाजूने पूर्ण वर नेताना साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात, ६० पात्याच्या फिरण्यातून. मित्राच्या पात्याचं खालचं टोक धरा, त्याला हात वर करू द्या. ते टोक काखेच्या दिशेने निघालेलं स्पष्ट कळतं.

कॉलरबोनच्या बाहेरच्या भागाखाली कोरॅकॉइड, म्हणजे पात्याचाच पुढे आलेला हाडाचा उंचवटा, लागतो. हलकेच दाबा, तिथे दुखतं. पेक्टोरॅलिस मायनर हा छातीचा छोटा स्नायू तिथेच चिकटतो आणि हाताकडे जाणारी धमनी, शीर, नसा त्याच्या मागून जातात. म्हणून मला छातीवरच्या मोठ्या स्नायूपेक्षा हा छोटाच जास्त महत्त्वाचा वाटतो. रोटेटर कफचे, म्हणजे खांद्याचा सांधा घट्ट धरणारे, चार स्नायू मात्र पाठच करा.