कॅथलिक संतांचे सण त्यांच्या मृत्यूच्या दिवशी का साजरे होतात?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: कार्यालयातील वसईच्या एका सहकाऱ्याने ५ फेब्रुवारीला पेढे वाटले आणि ‘आज आमच्या संत गोन्सालो गार्सियांचा सण आहे’ असे सांगितले. घरी गेल्यावर आपण शोध घेतला, तेव्हा तो दिवस त्या संताला क्रुसावर बांधून भाल्यांनी मारल्याचा असल्याचे आढळले, शिवाय काही ठिकाणी सणाची तारीख ६ फेब्रुवारी दिलेली दिसली. मृत्यूच्या दिवशी पेढे कसे काय आणि एका सणाला दोन तारखा कशा, हे आपण विचारले आहे. मी वसईतीलच एका धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, लहानाचा मोठा झालो आणि बरीच वर्षे मिस्साच्या, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेच्या, वेळी वाचन करण्याची सेवा करतो, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

पहिला प्रश्न मराठी माणसाला तरी परका वाटू नये. आळंदीला कार्तिक वद्य त्रयोदशीला जी गर्दी लोटते, ती ज्ञानेश्वरांच्या समाधीच्या सोहळ्यासाठी, देहूला तुकाराम बीज साजरी होते ती तुकोबांच्या वैकुंठगमनाची, आणि पैठणची नाथषष्ठी हीदेखील एकनाथांच्या निर्याणाची तिथी आहे. त्या दिवशी कोणी सुतक पाळत नाही, प्रसादच वाटतात. ख्रिस्तसभेची, म्हणजे चर्चची, भूमिका याहून फारशी वेगळी नाही. संताच्या मृत्यूदिनाला लॅटिनमध्ये ‘दिएस नातालिस’ म्हणतात आणि त्याचा अर्थ चक्क ‘जन्मदिवस’ असा आहे, कारण त्या दिवशी तो स्वर्गात जन्मला, असे मानले जाते.

या रीतीचा फार जुना लेखी पुरावा स्मर्नाचे बिशप संत पॉलिकार्प यांच्या बाबतीत मिळतो. स्मर्ना म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर. इसवी सन १५५ च्या सुमारास त्यांना वृद्धापकाळी मारण्यात आल्यानंतर तेथील ख्रिस्ती लोकांनी दुसऱ्या गावच्या मंडळीला एक पत्र पाठवले. आम्ही त्यांच्या अस्थी रत्नांपेक्षा मोलाच्या मानून गोळा केल्या असून श्रद्धेसाठी त्यांनी पत्करलेल्या मरणाचा ‘जन्मदिवस’ दरवर्षी आनंदाने साजरा करणार आहोत, असा मजकूर त्यात आहे. यामागे एक साधे व्यावहारिक कारणही असणार, असे मला वाटते. सुरुवातीच्या काळातील रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी मारले गेलेले लोक, बहुधा सामान्य माणसे होती, त्यांच्या जन्माची नोंद ठेवणारे कोणी नव्हते, पण ज्या दिवशी त्यांना मारले गेले, तो दिवस मात्र सगळ्या मंडळीच्या डोळ्यांसमोर घडलेला असे.

गोन्सालो गार्सियांच्या बाबतीतही नेमके असेच झाले आहे. त्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला, वडील पोर्तुगीज आणि आई इथलीच, एवढे सांगता येते, पण सण करावा अशी जन्मतारीख हाती नाही. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंकडे ते शिकले, त्यांच्याबरोबर कोवळ्या वयात जपानला गेले आणि तेथील भाषा उत्तम बोलू लागले. येशूसंघात प्रवेश न मिळाल्याने त्यांनी काही काळ व्यापार केला, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ते साधे बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंबरोबर ते पुन्हा जपानला गेले, ते तेथील सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या दरबारात दुभाषाचे काम करण्यासाठी. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले, त्यावरील माल जप्त झाला आणि धर्मप्रचारकांच्या मागून स्पेनचे सैन्य येते की काय, या संशयाने वातावरण बिघडले. क्योतो येथे पकडलेल्या ख्रिस्ती कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला आणि ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसांवर मारले गेले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि उरलेले सतरा जण प्रापंचिक होते, काही तर अजाण मुले होती. खिळे ठोकले नव्हते, दोरखंड आणि लोखंडी कड्यांनी बांधून दोन्ही बाजूंनी भाले खुपसले होते. त्यामुळे गोन्सालोंच्या मूर्तीत अंगावर फ्रान्सिस्कनांचा झगा आणि छातीवर एकमेकांना छेदून गेलेले भाले दाखवतात. लहानपणी मी ते भाले मोजत बसे, आणि प्रवचनाकडे लक्ष दे म्हणून आजी चिमटा काढी.

१६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद दिले. भारतात जन्मलेल्या व्यक्तीला मिळालेले हे पहिले संतपद. इतकी वाट पाहून मिळालेली ती ८ जूनची तारीख वसईत फारशी कोणाच्या ध्यानात नसते, सण मात्र फेब्रुवारीत होतो, यातच आपल्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आले.

आता दुसरा प्रश्न. ५ फेब्रुवारी हा दिवस त्याआधी कित्येक शतके सिसिली बेटावरील कटानियाच्या संत आगाथा यांच्या नावे होता. त्या तिसऱ्या शतकातील रक्तसाक्षी असून रोमच्या प्राचीन मिस्साविधीतील प्रार्थनेत त्यांचे नाव आजही घेतले जाते. अशा संताला जागेवरून हलवणे शक्य नव्हते, म्हणून ख्रिस्तसभेच्या जागतिक दिनदर्शिकेत जपानचे सव्वीस जण दुसऱ्या दिवशी, ६ फेब्रुवारीला आले, तेही त्यांच्यातील एका जपानी येशूसंघीयाच्या, ‘संत पॉल मिकी आणि सहकारी’ या नावाखाली. सहकाऱ्यांमध्ये आमचे गोन्सालो! वसईकराला हे थोडे लागते, ही गोष्ट लपवत नाही. तेव्हा आपल्या सहकाऱ्याची तारीख इतिहासाप्रमाणे बरोबर आहे आणि आपण वाचलेली तारीख दिनदर्शिकेप्रमाणे. दोन्ही दिवशी धर्मगुरूंच्या अंगावर लाल वस्त्र असते, कारण लाल हा रक्तसाक्षींचा रंग आहे, इतर संतांच्या सणाला पांढरे वस्त्र वापरतात. वेदीमागच्या खोलीत सकाळी मेजावर कोणत्या रंगाचे वस्त्र काढून ठेवले आहे ते पाहिले, की वाचनाचे पुस्तक उघडण्याआधीच मला दिवस कळतो.

मृत्यूदिनाच्या नियमाला अपवाद आहेत, आणि माझ्या मते खरी गंमत त्यांतच आहे. जन्मदिवस पाळले जातात ते तिघांचेच: २५ डिसेंबरला येशूचा, ८ सप्टेंबरला पवित्र मरियेचा आणि २४ जूनला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा. योहानाचा मृत्यूदिनही वेगळा, २९ ऑगस्टला, पाळतात. लूकच्या शुभवर्तमानानुसार योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा, म्हणून नाताळाच्या सहा महिने आधीचा दिवस घेतला. मग तो २५ जून का नाही, असे आपण विचाराल, तर रोमन लोक पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून उलटे मोजत, आणि २५ डिसेंबर व २४ जून हे दोन्ही दिवस त्या मोजणीत ‘आठवे’ येतात, कारण डिसेंबरचे दिवस एकतीस आणि जूनचे तीस. मरिया भेटायला आली तेव्हा एलिझाबेथच्या उदरातील बाळाने उडी मारली, असे लूक सांगतो. गोव्यात त्या उडीची आठवण म्हणून सांजांवच्या, म्हणजे योहानाच्या या सणाच्या, दिवशी डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून, ‘व्हिवा सांजांव’ म्हणत पावसाने तुडुंब भरलेल्या विहिरींत उड्या मारतात. पाळकाच्या तासभर प्रवचनाने जेवढी लूकची ती ओळ लक्षात राहणार नाही, तेवढी एका उडीने राहते.

दुसऱ्या प्रकारचे अपवाद कालगणनेने घडवले. आविलाच्या संत तेरेझा ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री स्पेनमधील आल्बा दे तोर्मेस येथे वारल्या, आणि नेमक्या त्याच रात्री पोप तेरावे ग्रेगरी यांची सुधारित कालगणना लागू होऊन मधले दहा दिवस गाळण्यात आले, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी १५ ऑक्टोबर उजाडला. चार तारीख असिसीच्या संत फ्रान्सिसची होती, म्हणून तेरेझांना १५ ऑक्टोबर मिळाला. स्वतः फ्रान्सिसही ३ ऑक्टोबर १२२६ रोजी सूर्यास्तानंतर वारले होते, पण त्या काळी दिवस सूर्यास्तापासून मोजत असल्याने त्यांचा सण चारला येतो. उदयतिथीचा हिशेब ठाऊक असलेल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावे लागत नाही.

काही तारखा मृत्यूचा दिवस अडचणीचा म्हणूनही बदलल्या आहेत. पुनरुत्थान रविवारापूर्वीचा (ईस्टरपूर्वीचा) प्रायश्चित्तकाळ, पवित्र आठवडा आणि त्यानंतरचा आठवडा या दिवसांत संतांचे सण सहसा मागे सरतात. मिलानचे बिशप संत अँब्रोज ४ एप्रिल ३९७ रोजी, पवित्र शनिवारी वारले, म्हणून त्यांचा सण बिशपपदाच्या अभिषेकाच्या दिवशी, ७ डिसेंबरला असतो. पोप दुसरे जॉन पॉल २ एप्रिल २००५ रोजी वारले, त्यांचा सण १९७८ मध्ये त्यांनी कार्यभार स्वीकारला त्या तारखेस, २२ ऑक्टोबरला येतो. भारताचे प्रेषित संत थॉमस यांचा सण पूर्वी २१ डिसेंबरला असे. १९६९ मध्ये पोप सहावे पॉल यांनी दिनदर्शिका नव्याने आखली तेव्हा तो नाताळाच्या तयारीतून काढून ३ जुलैला नेला, आणि केरळातील सिरो-मलबार ख्रिस्ती तर आधीपासूनच त्या दिवशी ‘दुकराना’ हा थॉमस यांचा स्मरणदिन पाळत आले होते. याच फेररचनेत संत ख्रिस्तोफर यांचे नाव जागतिक दिनदर्शिकेतून गेले. त्यांचे ‘संतपद काढून घेतले’ असे आजही आत्मविश्वासाने सांगितले जाते, ते चूक आहे. तारखेचे बंधन तेवढे संपले, संतांच्या नोंदवहीत त्यांचे नाव कायम आहे.

याउलट काही तारखा कशानेही हलत नाहीत. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनजवळच्या सांगच्वान बेटावर वारले, त्यांचे शव पुढे गोव्यात आणले गेले. ‘गोंयचो सायब’ म्हणून लोक त्यांना ओळखतात. जुन्या गोव्यात २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवसांच्या प्रार्थनांचा नोव्हेना होऊन ३ डिसेंबरलाच फेस्त भरते, मग तो आठवड्याचा कोणताही वार असो. वांद्र्याच्या मोत माउलीची, म्हणजे मरियेची, जत्रा मात्र ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होऊन आठवडाभर चालते, कारण मुंबईतल्या माणसाला सुट्टी रविवारीच मिळते.

एक भेद मात्र लक्षात ठेवावा, कारण आपल्या मनातील मूळ शंका तिथे आहे. मृत्यूच्या दिवशी आम्ही सरसकट पेढे वाटत नाही. १ नोव्हेंबरला सकल संतांचा सण असतो, आणि दुसऱ्याच दिवशी, २ नोव्हेंबरला, मृत भाविकांचा दिवस असतो. त्या दिवशी आम्ही कबरी धुऊन त्यांवर फुले ठेवतो, मेणबत्त्या लावतो आणि आपल्या माणसांसाठी प्रार्थना करतो. संतांसाठी आम्ही प्रार्थना करत नाही, त्यांनी आमच्यासाठी करावी अशी विनंती करतो. माझ्या आजीच्या मृत्यूदिनी आम्ही तिच्यासाठी मिस्सा अर्पण करतो, घरात मिठाई नसते. ज्या नावाच्या संताला पाहून तिचे नाव ठेवले होते, त्याच्या सणाला मात्र ती हयात असताना गोड करी, आणि आम्ही आजही करतो. तिची जन्मतारीख तिला ठाऊक नव्हती, घरात कोणालाच नव्हती, म्हणून तो सणच तिचा वाढदिवस.

तेव्हा पुढच्या वर्षी आपल्या सहकाऱ्याला ५ किंवा ६ फेब्रुवारीला, कोणत्याही दिवशी, ‘सणाच्या शुभेच्छा’ म्हणावे. सांत्वन करण्याची गरज नाही, आणि पेढा नि:संकोच घ्यावा.